कोटातला सेल

पोतदार बाई कुणाच्याही दारात आल्या की आधी भिंतीवरचं बटण बघायच्या. दिवसाढवळ्या बल्ब जळत असला की खट्ट करून बंद. मग बोलायला सुरुवात. घर कुणाचं, बिल कोण भरतंय, ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. शिवानंदच्या लाँड्रीत कोण नसताना पंखा फिरत होता म्हणून त्यांनी बाहेरनं हात घालून तो बंद केलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. शिवानंद आत खाली वाकून कपड्यांचं गाठोडं सोडत होता. घामानं भिजून वर आला आणि अर्ध्या कानडीत म्हणाला, "येनरी बाई, मी माणूस न्हाय व्हय?"

"दिसला नाहीस रे," बाई म्हणाल्या आणि पंखा परत लावला. पण एक नंबर कमी करून.

बेळगावच्या खासबागेत गल्लीच्या तोंडाला माझं सायकलीचं दुकान. मी चौथी शिकलेला माणूस, मूळचा जांबोटीकडचा. लिहायचा धंदा माझा न्हाय. पण बाई इथनं सोडून गेल्यापासनं गल्लीत लोक काहीबाही बोलतात. नवऱ्याला बटण लावून ठेवलं होतं म्हणं, जनावराला लावतात तसं. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. तोंडानं भांडून लोकांना कळत न्हाय, म्हणून लिहून ठेवतोय. ज्याला पटंल त्यानं वाचावं.

बाई इंजिनिअरिंग कॉलेजात रेडिओचं शिकवायच्या. गाणी लागतात तो रेडिओ न्हवं, दोन यंत्रं तारेशिवाय एकमेकांशी बोलतात ते. जवळजवळची यंत्रं, ह्या खोलीतनं त्या खोलीत, ह्या खांबावरनं त्या खांबावर. आणि त्यात बाईंचं काम एकच, की हे बोलणं कमीत कमी खर्चात कसं करायचं. एक बारका सेल किती दिवस पुरवायचा. शेंगदाण्याएवढ्या सेलवर त्यांनी जन्म काढला. गल्लीतल्या पोरांनी नाव ठेवलं बॅटरीबाई. त्यांना ते माहीत होतं. एकदा पोरं मागनं ओरडली तर वळून म्हणाल्या, "काय रे, किती जोरात ओरडता! मी एवढ्या जवळ आहे. हळू बोललात तरी ऐकू येतं मला."

अंगानं बारीक, चष्मा दोरीला बांधलेला, चालणं भरभर. चेहऱ्यावर कायम गॅस चालू ठेवून आलेल्या बाईसारखी काळजी. बोलताना मधेच थांबायच्या आणि घराकडं कान द्यायच्या. घरात सर होते.

पोतदार सर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. पहिली नोकरी निपाणीला, मग बेळगावला. उंच माणूस. रिटायर झाल्यावरही तपकिरी कोट घालूनच दूध आणायला जायचे. मग हळूहळू विसरायला लागले. आधी नावं, मग वार, मग घर. शेवटी शेवटी फक्त कोट तेवढा त्यांच्या लक्षात राहिला. झोपताना घडी करून उशाला, अंघोळीला जाताना आत खुंटीला, दाराला कडी. कोटाला हात लावलेला खपायचा न्हाय.

ते पहिल्यांदा हरवले तो दिवस मला चांगला आठवतो. सकाळी कोट घालून, भांग पाडून, गल्लीतनं ताठ निघाले. शिवानंदनं बघितलं, पानपट्टीवाल्यानं बघितलं, मी तर हात जोडून नमस्कार केला. त्यांनीही केला. दुपार झाली तरी माणूस घरी न्हाय. बाई दारोदार फिरायला लागल्या. माझ्याकडं आल्या.

"आप्पा, यांना बघितलंत?"

"बघितलं की. असे खालच्या अंगाला गेले."

"मग विचारलं नाहीत, कुठं निघालात म्हणून?"

मी म्हणलं, "बाई, घरातनं निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारायचं असतं व्हय? कामावर पाणी पडतं."

शिवानंदनंही हेच सांगितलं, पानपट्टीवाल्यानंही हेच. सगळ्यांनी बघितलं, सगळ्यांनी मान दिला, आणि मान देऊनच सगळ्यांनी माणूस घालवला. बाई माझ्या दुकानातल्या स्टुलावर मटकन बसल्या. मला वाटलं आता रागवतील. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मी तरी कुणाला विचारलं असतं?" सर संध्याकाळी तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ सापडले, रुळाकडं तोंड करून उभे. गेटमननं धरून बसवलं होतं.

त्या दिवसापासनं बाईंच्या डोळ्यांतली झोप गेली. मुलगी परदेशात, तिनं भारी फोन पाठवला. ज्याच्या खिशात तो फोन, तो माणूस कुठं हाय ते कळतं म्हणं. सरांनी दोन दिवस ठेवला आणि तिसऱ्या दिवशी पाण्याच्या घागरीत सोडला. शिवाय रोज चार्ज करायचा म्हणजे रोज काढून घ्यायचा, म्हणजे रोज भांडण. मनगटाला घड्याळ बांधलं, ते दातानं तोडलं. मग बाईंनी स्वतःच एक चीज बनवली. शर्टाच्या बटणाएवढी. त्यात एक सेल. सर दाढी करून घेत होते, न्हावी घरी आलता आणि त्यानं हट्टानं कोट काढायला लावलता, तेवढ्यात बाईंनी ती कॉलरच्या आत शिवून टाकली.

मग आल्या माझ्याकडं, हातात साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा. "आप्पा, हा तुमच्या दुकानात लावायचा. सर इथनं गेले की ह्याचा हिरवा दिवा लुकलुकेल आणि मला घरी कळेल."

मी म्हणलं, "मला डोळं हायत. माझ्या दुकानात दुसऱ्याचा दिवा लागणार न्हाय."

मला राग असा आला की त्या दिवशीच्या नमस्काराचं हे बिल हाय. म्हणजे माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा भरवसा न्हाय, म्हणून यंत्र. बाई गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. मी टायरमध्ये तोंड घालून बसलो. तिसऱ्या दिवशी आल्या आणि माझ्यापुढं जमिनीवर बसल्या. साडीला ग्रीस लागलं तरी बघितलं न्हाय.

"आप्पा, तुमच्या गावाकडं शेतात लांबच्या माणसाला कसं बोलावता?"

"हाळी देतो. कूऽऽ करून."

"दिवसभर देता येईल?"

"घसा बसंल की."

"आणि शेजारी बसलेल्याला?"

"त्याला कशाला हाळी? नुसतं 'रं' म्हणलं तरी बघतो."

"तेच आहे हो. सरांच्या कॉलरमधला सेल एवढासा आहे. त्याला लांब हाळी द्यायला लावली तर आठ दिवसांत घसा बसेल. गल्लीतल्या प्रत्येक दुकानात एकेक डबा असला तर त्याला नुसतं पुटपुटलं तरी चालेल. तुम्ही जेवढे जवळ, तेवढा तो जास्त दिवस जगणार. मला तुमचे डोळे नकोत आप्पा. मला तुमची जागा पाहिजे."

मी म्हणलं, "लावा. पण दिवा बारका पाहिजे."

तशी गल्ली बांधली गेली. माझं दुकान, लाँड्री, किराणा, पिठाची चक्की, मारुतीचं देऊळ, आणि मोठ्या रस्त्यावर शेवटची पानपट्टी. सर फिरायला निघाले की डब्याडब्यांत हिरवे दिवे लुकलुकायचे. बाईंचं एक बोलणं होतं, की यंत्राला बोलण्यापेक्षा ऐकत बसणं महाग पडतं. कोण कधी बोलंल सांगता येत न्हाय, म्हणून सारखं जागं राहावं लागतं, त्यातच सेल संपतो. म्हणून सरांच्या बटणाला त्यांनी ऐकायचं कामच ठेवलं न्हाय. त्यानं फक्त दोन शब्द टाकायचे आणि लगेच झोपायचं. "ऐकायचं काम ज्याच्याकडं लाइटचं कनेक्शन आहे त्यानं करायचं," म्हणायच्या, आणि आमच्याकडं बघून हसायच्या. हसल्या तरी भुवई वरच असायची.

माझी गंमत अशी झाली की मीच त्या दिव्याला चिकटलो. पंक्चर काढताना अर्धा डोळा दिव्याकडं. सर देवळाच्या पायरीवर बसले की दिवा गप्प व्हायचा. हलले न्हाय तर बटण झोपतं, तासाभरानं एकदा 'हाय' म्हणतं, हे बाईंनी सांगितलं होतं. पण तो तास मला खायला उठायचा. एकदा उठून देवळापर्यंत बघून आलो. सर आरामात बसलेले. परत येऊन बाईंना म्हणलं, "हे सारखं बोलायला लावा की ओ. निजलाय का मेलाय, कसं कळायचं?"

बाई म्हणाल्या, "तुमची काळजी मिटावी म्हणून त्याचा सेल जाळू?"

"तसं न्हाय..."

"माझीही मिटत नाही आप्पा. दुपारी हे झोपतात ना, तेव्हा मी उशाशी बसून छाती हलते का बघते. मला कळतं, बघितल्यानं काही होत नाही. तरी बघते." आणि डब्यावरची धूळ पदरानं पुसून निघून गेल्या.

सेल बदलायचा दिवस म्हणजे काय, तेही मी बघितलंय. पहिला सेल लवकर संपला. तवा बाईंनी त्याला दर दहा सेकंदांनी बोलायला लावलं होतं, भीतीपोटी. सर दुपारी झोपले असताना बाईंनी उशाखालनं कोट हळूच ओढला. शिवण उसवून सेल काढेपर्यंत सरांना जाग आली. "चोर! चोर!" असा ओरडा झाला की आम्ही सगळे पळत गेलो. सर भिंतीला पाठ लावून उभे. समोर बाई, एका हातात सुई, एका हातात कोट. सर आम्हाला म्हणाले, "या बाईला बाहेर काढा. माझा कोट चोरायला आलीय. माझ्या बायकोला हाक मारा."

शिवानंद चांगला, त्यानं पुढं होऊन कोट घेतला, "सर, इस्त्रीला टाकला होता, झाला बघा," म्हणून झटकून सरांच्या अंगावर घातला. सर शांत झाले. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आल्या न्हायत. त्या दिवसापासनं एकेक सेल पुरवायचं त्यांनी असं मनावर घेतलं की बस्स. दोन बोलण्यांमधला वेळ वाढवला. आवाज आणखी खाली आणला. बोलायचे शब्द छाटले. नाव नको, नुसता एक आकडा पुरे. मला म्हणायच्या, "आप्पा, आणखी एक महिना वाढला." म्हणजे ते 'चोर' आणखी एक महिना पुढं गेलं.

एकदा मी दोघांना माझ्या गावच्या जत्रेला घेऊन गेलतो. जांबोटीच्या पुढं आमच्या वाडीपर्यंत बस म्हणजे हाडं मोजत जायचं. सर खुशीत होते, झाडं बघत होते. बटण जवळ असलं की त्याचं बोलणं बाईंच्या फोनवरही यायचं; तो बघून बाई मात्र हैराण. बटण हललं की जागं होतं आणि बोलतं, अशी त्याची रचना. बस दणके देत होती आणि बटणाला वाटत होतं सर चाललेत, चाललेत, चाललेत. सारखं बोलत होतं. गावात पोचेपर्यंत सेल गार. बाईंनी दिवसभर जत्रेत सरांचा हात सोडला न्हाय. पुरणपोळीसुद्धा डाव्या हातानं खाल्ली. माझी म्हातारी म्हणाली, "लई प्रेम हाय ओ." बाई म्हणाल्या, "प्रेम नाही ओ, सेल संपलाय." परत आल्यावर पहिलं काम त्यांनी हे केलं, की बराच वेळ हलत राहिलं तर बटणानं पाच मिनिटांतनं एकदाच बोलायचं. मला समजावून सांगितलं. मी म्हणलं, "बसनं कशाला जातील सर? गल्लीतनं बाहेर जात न्हायत." त्या म्हणाल्या, "म्हणूनच. ज्या दिवशी जातील त्या दिवशी सेल पुरायला पाहिजे."

मग तो दिवस आला. ऊसतोडीचे दिवस होते. सेल उतरत आलता, म्हणून आठवड्याआधी बाईंनी चालतानाच्या दोन बोलण्यांमधला वेळही आणखी लांबवला होता. सकाळी बाई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या आणि सर मागच्या बोळातनं निघाले. एक रिकामी रिक्षा वळत होती, तिला हात केला, आणि ती गल्लीतनंच भर्रकन गेली. माझा दिवा लागला न्हाय. शिवानंदचा न्हाय, चक्कीचा न्हाय. फक्त शेवटच्या पानपट्टीचा लागला.

बाई एका पायात चप्पल घालून पळत आल्या. "आप्पा, तुमच्याकडं लागला?"

"न्हाय की."

"शिवानंदकडं?"

"न्हाय."

त्या मोठ्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "वाहनात आहेत. दोन बोलण्यांच्या मधे अख्खी गल्ली गेली. मीच लांबवलं होतं ते. मीच."

पानपट्टीवाल्यानं रिक्षा ओळखली. रिक्षावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, बसस्टँडवर सोडलं, सर म्हणाले निपाणीची गाडी कुठं लागते, पहिला तास माझा हाय. स्टँडवर फोन केला तर कोल्हापूरची गाडी निपाणीवरनं जाणारी, निघून गेलेली. कंडक्टरचा फोन लागंना. पोलिसांनी फोटो मागितला, तो पाठवला. शिवानंदनं लाँड्री उघडी टाकली आणि ओमनी व्हॅन काढली. मी पुढं, बाई मागं.

गाडी हायवेला लागली. मग मी विचारलं, "तुमच्या फोनवर येईल का ते?"

"अगदी जवळ गेलो तरच. एका गाडीएवढं अंतर, फार तर दोन. आणि बसमध्ये हलतंय, म्हणजे पाच मिनिटांत एकदा." मग म्हणाल्या, "सेल म्हातारा झालाय. गप्प राहिला तर महिना काढेल. पण बोलताना एकदम जोर लावावा लागतो, त्या जोरालाच बसतो तो."

शिवानंदनं गाडी आणखी दामटली.

निपाणी स्टँडवर पोचलो तवा चार-पाच गाड्या लागलेल्या. मी उडी मारूनच उतरलो. बाई मात्र एका खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या, फोन छातीशी धरून. हलंनात.

मी ओरडलो, "बाई, चला की! गाड्या सुटतील!"

"तुम्ही पळा आप्पा. गाड्यांत बघा. मला इथं पाच मिनिटं उभं राहायला पाहिजे. चालत राहिले तर त्याचं बोलणं चुकेल."

जन्मात मला असा राग आला न्हाय. नवरा हरवलाय आणि बाई खांबासारखी उभी! मी एकेका गाडीत चढलो, वाकून वाकून बघितलं, तपकिरी दिसंल ते सगळं बघितलं. लोक म्हणाले, "म्हातारबा, पाकीट मारलं काय?" बाहेर आलो तर बाई तिथंच. एक डोकीवर बोचकं घेतलेली बाई त्यांना म्हणत होती, "मावशी, तुमची गाडी कुठली? चुकंल बघा." बाई मान हलवत होत्या. ओठ हलत होते, सेकंद मोजत असाव्यात.

तेवढ्यात मी अजून न चढलेली कडेची एक गाडी हलली आणि बाहेर पडली. बाईंचा फोन गप्पच. त्या गाडीच्या मागच्या काचेकडं ज्या नजरेनं बघत राहिल्या, ते मला अजून बघवत न्हाय. चौकशीच्या खिडकीतनं स्टँडचा कंट्रोलर म्हणाला, "तीच की ओ बेळगावहून आलेली. चहाला थांबलेली लई वेळ."

परत ओमनीत. पुढं कोगनोळीच्या टोलनाक्यावर वाहनांची रांग होती. उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, गाड्या, सगळं एकात एक. आम्ही जिच्या मागं होतो ती बस रांगेत पुढं उभी होती. मी आणि शिवानंद पळत गेलो. कंडक्टर खाली उतरून पाणी पीत होता.

"तपकिरी कोटवाले? निपाणीला उतरलेच न्हायत. आत्ता उतरले. लघवीला जातो म्हणाले. मी थांबलोय त्यांच्यासाठीच."

आता त्या गर्दीत कुठं बघायचं? एका बाजूला ट्रकांची भिंत, एका बाजूला हॉटेलं, मधनं ट्रॅक्टर. हायवेला तर गाड्या अशा सुसाट. शिवानंद "सर, सर" करत ट्रकांच्या मागं धावला. बाई पोचल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. फोन वाजला. बारीक आवाज, चिमणीच्या पिलासारखा.

"आहे!" बाई म्हणाल्या. "इथंच आहेत. चालताहेत."

"कुठल्या बाजूला?"

"ते नाही कळत. पुढच्या वेळी कळेल." आणि वीस पावलं पुढं जाऊन परत उभ्या राहिल्या. पुढची वेळ म्हणजे पाच मिनिटं. ट्रकांचे हॉर्न, धूळ, कोण तरी कुणाला तरी शिव्या देतंय, आणि मी त्या बाईंच्या हातातल्या काळ्या काचेकडं बघतोय. पाच मिनिटं झाली. आवाज न्हाय. आणखी थांबलो. न्हाय.

मी म्हणलं, "बसला व्हय सेल?"

बाईंनी फोन कानाशी नेला.

"बाई, मेला का तो?"

"मेला असेल," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सरळ. "नाहीतर झोपला असेल. हलणं थांबलं की तो बोलत नाही. म्हणजे सर थांबलेत."

"पडले बिडले असतील तर?"

"आप्पा, मेला असेल तर आपल्याला काहीच करता येत नाही. म्हणून झोपलाय असंच धरायचं. सर बसलेत कुठंतरी. उभे राहिलेल्यांकडं बघू नका, चालणाऱ्यांकडं बघू नका. बसलेली माणसं बघा."

आम्ही बसलेली माणसं बघत निघालो. चहाच्या हॉटेलातली बाकडी, पुलाचा कठडा, ट्रॅक्टरच्या सावलीत टेकलेले ऊसतोडीवाले. सर न्हायत. बाई मधेच थांबल्या. "बसमध्ये बसले असतील."

"ती बस बघितली की."

"तिचं इंजिन चालू आहे. ती थरथरतेय. तिच्यात बसले असते तर बोलला असता." आणि त्या मान वळवून रांगेच्या बाहेर, कडेला एकीकडं घेऊन ठेवलेल्या दुसऱ्या लाल गाडीकडं बघायला लागल्या. इंजिन बंद होतं. ड्रायव्हर बाहेर तंबाखू मळत उभा.

आम्ही चढलो. चौथ्या बाकावर सर बसलेले. कोटाची बटणं लावलेली, हात मांडीवर, अगदी स्थिर.

बाई दांडीला धरून क्षणभर उभ्या राहिल्या. सरांनी वर बघितलं. ओळखीचं काही न्हवतं त्या बघण्यात. पण माणूस सभ्य. थोडे सरकले आणि म्हणाले, "या, बसा. खिडकीकडं बसा तुम्ही. वारं लागेल."

बाई आत जाऊन खिडकीशी बसल्या.

मी म्हणलं, "सर, चला, उतरू. घरी जायचंय."

"घरी? माझं तिकीट आहे," सरांनी खिशातनं आधीच्या गाडीचं तिकीट काढून मला दाखवलं. "मुलं वाट बघताहेत. तुम्हाला उतरायचं असेल तर उतरा."

मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी दोन्ही हातांनी कोट गळ्याशी आवळला. डोळ्यांत तीच भीती, त्या दुपारची.

"आप्पा, सोडा," बाई म्हणाल्या. "ओढायचं नाही. ही गाडी कोल्हापूरला जातेय ना? तिथं माझी बहीण आहे. आम्ही जातो."

"अहो पण तुमच्या पायात..." दुसरी चप्पल त्यांनी घातलीच न्हवती. माझी काढून द्यायला लागलो तर म्हणाल्या, "तुमची मला मोठी होईल. उतरा तुम्ही. शिवानंदला सांगा. आणि त्या कंडक्टरला सांगा, थांबलात म्हणून उपकार झाले."

मी उतरलो. ड्रायव्हर तंबाखू टाकून चढला. इंजिन सुरू झालं तशी सगळी गाडी थरथरली, आणि खिडकीतनं बाईंच्या हातातला फोन चिवचिवला. जिवंत होता. बाईंनी तो डोळ्यांशी नेऊन बघितला, आणि खांदे असे खाली आले की मला वाटलं आता रडतील. रडल्या न्हायत.

बाई परत खासबागेत आल्या न्हायत. बहिणीकडंच राहिल्या, वरच्या खोलीत, खाली फाटकाला कुलूप. सर पावसाळ्याच्या तोंडाला गेले, झोपेतच, असं शिवानंदच्या फोनवर कळलं. घर रिकामं करायला माणसं आली तवा मी गावाला होतो. माझ्या दुकानातला डबा तेवढा मी दिला न्हाय. मागितलाही न्हाय कुणी. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. त्या बाईनं नवऱ्याला बांधून ठेवलं न्हवतं. बांधून ठेवायचं असतं तर इथं असतानाच दाराला कुलूप लावलं असतं, त्याला कुठला सेल लागतो?

मी त्यांना शेवटचं बघितलं ते असं. गाडी रांगेच्या कडेनं वाट काढत नाक्याच्या पलीकडं निघाली होती. मी हात वर केला होता, पण बाई माझ्याकडं बघत न्हवत्या. सर त्यांच्या पुढनं हात लांब करून बाहेर काहीतरी दाखवत होते, शाळेतल्या पोराला दाखवावं तसं, आणि बाई काचेला कपाळ लावून ते बघत होत्या.